छातीचा फोटो आणि भिंतीवरचा कागद

आपल्याकडे एक्स-रे कुणी म्हणत नाही. ‘डॉक्टरांनी फोटो काढायला सांगितलाय’ असेच म्हणतात. पाय मुरगळला की फोटो, खोकला हटेना की फोटो, कंपनीत भरती व्हायचे असले की मेडिकलचा फोटो. खालापूर आणि कर्जत तालुक्यांतल्या आमच्या बौद्धवाड्यांत असे एकही घर सापडणार नाही, जिथे कपाटाच्या वर किंवा कॅलेंडरच्या मागे काळ्या फिल्मचे पाकीट खोचलेले नाही. पण हा फोटो जिथे काढला जातो त्या खोलीला सरकारी परवाना लागतो, ही गोष्ट शंभरात किती जणांना ठाऊक आहे? खरे सांगायचे तर परवापरवापर्यंत आम्हालाही नीट ठाऊक नव्हती.

झाले असे. वर्षावासाच्या ग्रंथवाचनाला आम्ही खालापूर तालुक्यातल्या एका वाड्यात गेलो होतो. वाचन संपले, खीर वाटून झाली आणि एक ताई जवळ येऊन म्हणाल्या, “भाऊ, सासूबाईंचा खोकला तीन आठवडे झाले जात नाही. डॉक्टरांनी छातीचा फोटो सांगितलाय. ह्यांची फर्स्ट शिफ्ट आहे, सोबत कुणी नाही. तुम्ही याल का?” दुसऱ्या दिवशी सकाळी आजीला मिनीडोरमध्ये बसवून आम्ही तिघे एका खाजगी केंद्रात गेलो. केंद्राचे नाव आम्ही इथे देत नाही. का देत नाही, ते पुढे येईलच.

तिथे हेल्पर म्हणून कामाला होता आपल्याच समाजाचा एक मुलगा. बारावी झालेला, चुणचुणीत. आम्हाला पाहताच “जयभीम काका” म्हणाला. आजीला उभे राहवत नव्हते. त्याने तिचे दोन्ही खांदे धरून तिला पाटीला टेकवून उभे केले. मशीन चालवणारा गृहस्थ बटण घेऊन शेजारच्या खोलीत गेला. मुलगा मात्र आजीला धरून आतच थांबला. शिशाचा एप्रन खुंटीला लटकत होता, त्यावर धूळ. दाराची कडी मोडकी, त्यामुळे दार अर्धवट उघडे. आणि दारासमोरच्या बाकावर सातव्या-आठव्या महिन्यातली एक पोर आपला नंबर येण्याची वाट पाहत बसलेली.

आम्ही मुलाला विचारले, “दिवसाला असे किती जणांना धरतोस?”

“दहा-बारा तरी होतात.”

“किती दिवस झाले?”

“दोन वर्षं.”

काउंटरवर परवाना पाहायला मागितला, तर उत्तर आले, “तो सरांकडे असतो. सर पनवेलला गेलेत.” आम्ही निघालो तेव्हा मुलगा फाटकापर्यंत मागे आला. हळूच म्हणाला, “काका, पेपरात काही लिहू नका. नोकरी जाईल माझी.”

आजीच्या फोटोत छातीत डाग दिसला. पुढे थुंकी तपासली, क्षयच निघाला. सरकारी दवाखान्यातून फुकट गोळ्या सुरू झाल्या आणि आजी आता दोन भाकऱ्या खाते. म्हणून सुरुवातीलाच ठणकावून सांगतो, की फोटोला घाबरून फोटो टाळू नका. छातीच्या एका फोटोत शरीरात जाणारे किरण ०.०२ ते ०.१ मिलिसिव्हर्टच्या दरम्यान असतात. मिलिसिव्हर्ट हे किरणांचे माप. माती, दगड, आकाश, अन्न यांतून जगातल्या माणसाला वर्षाकाठी सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट असेही मिळतच असतात. म्हणजे छातीचा एक फोटो म्हणजे फार तर पंधरा दिवस या पृथ्वीवर राहण्याइतकी गोष्ट. सीटी स्कॅनची गोष्ट वेगळी. छातीच्या किंवा पोटाच्या एका सीटी स्कॅनला ५ ते १० मिलिसिव्हर्ट लागू शकतात. ‘पैसे भरतोय तर सीटीच करून टाका’ असा हट्ट आपण धरतो, तो चुकीचा.

आणखी एक गैरसमज. मशीन बंद असताना त्यातून काहीही बाहेर पडत नाही. लाइट गेली की किरणही गेले. खोलीच्या भिंतींत, चादरीत, कपड्यांत ते साठून राहत नाहीत. सोनोग्राफीत तर क्ष-किरण नसतातच; तिथे आवाजाच्या लहरी असतात. तिचा कायदा वेगळा, नोंदणी वेगळी.

मग धोका कुणाला? जो एकदा फोटो काढून घरी जातो त्याला नगण्य. जो रोज दहा-बारा वेळा, वर्षानुवर्षे, आडोशाशिवाय त्या खोलीत उभा राहतो त्याला. जर्मनीत रॉन्टजेन नावाच्या शास्त्रज्ञाने ८ नोव्हेंबर १८९५ रोजी हे किरण शोधले. त्याच डिसेंबरात त्याने आपल्या पत्नीच्या हाताचा फोटो काढला, तो जगभर गाजला. अमेरिकेत एडिसनच्या प्रयोगशाळेत क्लॅरेन्स डॅली नावाचा मदतनीस होता. नळी चालते की नाही हे तो आपलाच हात पुढे धरून पाहायचा. त्याचे हात कापावे लागले आणि १९०४ साली तो कर्करोगाने मेला. एडिसनने ते काम सोडून दिले. शोध लावणाऱ्याचे नाव पाठ्यपुस्तकात येते, डॅलीचे येत नाही. त्या खोलीतला आपला मुलगा पाहिला तेव्हा आम्हाला हा डॅली आठवला.

आता कायद्याचे बघू. आपल्या देशात या सगळ्यावर देखरेख करते अणुऊर्जा नियामक मंडळ, ज्याला एईआरबी म्हणतात. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याखाली १५ नोव्हेंबर १९८३ रोजी ते स्थापन झाले. त्याचे मुख्य कार्यालय दिल्लीला नाही, आपल्या अणुशक्तीनगरला आहे. कर्जत लोकलने कुर्ल्याला उतरा, हार्बरने मानखुर्दला जा, पुढे रिक्षाने थोडे अंतर. किरणांपासून संरक्षणाचे नियम आधी १९७१ साली झाले, ते २००४ साली नव्याने केले गेले. गावातले एका खोलीतले केंद्र असो, दातांचा दवाखाना असो की सरकारी रुग्णालय असो, क्ष-किरणांचे मशीन चालवायचे तर मंडळाचा परवाना लागतो. सरकारी आहे म्हणून सूट नाही, धर्मादाय आहे म्हणून नाही. मंजूर मॉडेलचेच मशीन घ्यायचे. जुने मशीन परस्पर विकायचे नाही आणि घ्यायचेही नाही. दर दोन वर्षांनी मशीनची तपासणी करून घ्यायची. परवाना पाच वर्षांचा, मग नवा.

कागदावर सगळे छान. प्रत्यक्षात काय होते? २०१२ साली भारताच्या महालेखापालांनी, म्हणजे कॅगने, या मंडळाच्या कारभाराची झडती घेतली. देशात वैद्यकीय क्ष-किरणांची ५७,४४३ केंद्रे होती आणि मंडळाकडे नोंद होती फक्त ५,२७० ची. उरलेली ५२,१७३ केंद्रे, म्हणजे शंभरातली ९१, परवान्याविनाच चालू होती! सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली सांगितले होते, की प्रत्येक राज्याने किरण-सुरक्षेचे संचालनालय उभारावे. अकरा वर्षांनी कॅगने पाहिले, तर केरळ आणि मिझोराम सोडून बाकीची राज्ये स्वस्थ. यात आपला पुरोगामी महाराष्ट्रही आला. मंडळाने २०१३ साली परवान्याचे अर्ज संगणकावरून घ्यायची ‘ई-लोरा’ नावाची पद्धत सुरू केली. तेव्हापासून डॉक्टरांना अणुशक्तीनगरला खेटे घालावे लागत नाहीत. पूर्वी ‘लांब पडते, कागद फार’ ही सबब तरी होती.

परवाना म्हणजे नुसता शिक्का नव्हे. खोलीची भिंत कशी, दार कसे, माणूस कोण, हे पाहूनच तो मिळतो. आणि भिंतीच्या बाबतीत आपल्या वाड्यातल्या माणसांना शिकवायची गरज नाही. आपल्यातले कितीतरी जण गवंडीकाम करतात, बिगारी जातात. टिचकी मारून सांगतील की भिंत अर्ध्या विटेची आहे की एका विटेची. मंडळाच्या मार्गदर्शनातले माप असे आहे: ज्या भिंतीवर किरण थेट पडतात, म्हणजे छातीच्या फोटोची पाटी जिथे असते, ती दीड विटेची, १४ इंची हवी. बाकीच्या भिंती एका विटेच्या, ९ इंची. दाराला १.७ मिलिमीटर जाडीचा शिशाचा पत्रा हवा, किंवा दारासमोर तेवढेच संरक्षण देणारा आडोसा. उघडी खिडकी असेल तर बाहेरच्या जमिनीपासून दोन मीटरच्या वर. खोली १८ चौरस मीटर, म्हणजे साधारण १९४ चौरस फूट. मशीन चालू असताना दारावर तांबडा दिवा लागला पाहिजे. आणि ‘गरोदर असाल तर आधी सांगा’ ही पाटी लोकांना वाचता येईल अशा भाषेत, म्हणजे आपल्याकडे मराठीत हवी. बांधकामावर मुकादमाने प्लायवूडचे पार्टिशन दाखवून ‘भिंत आहे’ म्हटले तर आपला गवंडी हसेल. मग इथे का गप्प बसतो?

त्या पाटीविषयी आया-बहिणींशी थोडे बोलायचे आहे. दिवस गेले असतील किंवा पाळी चुकलेली असेल, तर खोलीत पाऊल टाकण्याआधी सांगा. कुणी विचारले नाही तरी सांगा. लाज धरू नका. तुमच्यासोबत मूल किंवा म्हातारे माणूस असेल आणि त्याला धरायचे असेल, तर तुम्ही आत थांबू नका, घरातल्या दुसऱ्याला पुढे करा. पण न कळता छातीचा, हाताचा किंवा दाताचा फोटो काढला गेला आणि नंतर दिवस गेल्याचे कळले, तर घाबरून मूल पाडू नका. अशा फोटोत गर्भापर्यंत पोचणारे किरण अगदी नगण्य असतात, त्यासाठी गर्भपाताची गरज नसते. पोटाचा, कमरेचा फोटो किंवा सीटी झाले असेल तर डॉक्टरांना भेटून विचारा, शेजारणीच्या सांगण्यावर जाऊ नका. ‘फोटो काढला होता, आता मूल वेडेवाकडे होईल’ या भीतीने नको ते करून बसलेली बाई आम्ही पाहिली आहे, म्हणून हे लिहिले.

आता रुग्णाला धरण्याचा प्रश्न. नियम अगदी स्पष्ट आहे. लहान मूल किंवा दुबळे माणूस धरायचे असेल, तर त्याचा प्रौढ नातेवाईक धरील, केंद्राचा कर्मचारी नाही. आणि नातेवाइकाला शिशाचा एप्रन दिलाच पाहिजे. कारण उघड आहे. नातेवाईक वर्षात एकदा धरतो, हेल्पर दिवसात दहादा. आजीला आमच्या ताईंनी एप्रन घालून धरायला हवे होते. आम्हालाच ते माहीत नव्हते, आम्ही बाहेर उभे राहून गंमत पाहिली, ही आमची चूक.

जो किरणांच्या कामावर आहे त्याच्या छातीवर एक बिल्ला असायला हवा. त्याला टीएलडी बिल्ला म्हणतात. एप्रन घातला असेल तर त्याच्या आतून लावायचा. बिल्ल्यात रसायनाच्या तीन चकत्या असतात. त्यांवर पडलेले किरण चकत्या जणू लक्षात ठेवतात. प्रयोगशाळेत तापवल्या की त्या प्रकाश देतात आणि त्यावरून हिशेब कळतो. हे तंत्र भाभा अणुसंशोधन केंद्राने आपल्या देशात विकसित केले. दर तीन महिन्यांनी बिल्ला बदलायचा. कर्मचाऱ्याला स्वतःचा नंबर मिळतो, नोकरी बदलली तरी तोच चालतो. पाच वर्षांची सरासरी काढली तर वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात ३० ही कर्मचाऱ्याची मर्यादा. बाकावर बसलेल्या तुमच्या-आमच्यासाठी ती वर्षाला १. अठरा वर्षांखालच्या मुलाला या कामावर ठेवता येत नाही. बिल्ल्याचा आणि एप्रनचा खर्च मालकाचा. ‘पगारातून कापतो’ म्हणाला तर ते चालणार नाही.

मालकाचाच का? याचे उत्तर बाबासाहेबांनी फार पूर्वी देऊन ठेवले आहे. जुलै १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी युक्तिवाद केला होता, की ज्या मालकाला स्त्रीच्या श्रमाचा नफा मिळतो त्याने तिच्या विश्रांतीच्या खर्चाचा काही भार उचलला पाहिजे. पुढे १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. डिसेंबर १९४३ मध्ये त्यांनी धनबादच्या कोळसाखाणींना स्वतः भेट दिली, मजूर कसे काम करतात, कसे राहतात ते पाहिले. आपण जयंतीला घटनेचे शिल्पकार म्हणून त्यांचा जयजयकार करतो, तो केलाच पाहिजे. पण मजुराच्या शरीराची काळजी घेणारे मजूरमंत्री बाबासाहेब आपल्या भाषणांत क्वचितच येतात.

कारखान्यात जाणाऱ्या तरुणांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. पाइपलाइन, बॉयलर यांचे वेल्डिंग तपासायलाही किरण वापरतात. तिथे पुष्कळदा मशीन नसते, इरिडियमसारखा किरणोत्सारी पदार्थ असतो आणि त्याला बटण नसते. लाइट गेली तरी तो थांबत नाही. दोरी बांधून ‘आत येऊ नका’ म्हटले असेल तर डबा खायला सावलीत जागा आहे म्हणून आत जाऊ नका. भंगार गोळा करणाऱ्यांसाठी तर हे जिवाशी आहे. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात दिल्ली विद्यापीठाने लिलावात काढलेले एक जुने उपकरण फोडले गेले. त्यात कोबाल्ट होते. एक कामगार मेला, बाकीचे भाजून निघाले. पिवळ्या पाटीवर तीन पाकळ्यांचे चिन्ह दिसले तर त्या वस्तूला हात लावू नका.

आता त्या केंद्राचे पुढे काय झाले ते सांगतो. अश्विन पौर्णिमेला वर्षावासाची सांगता झाली, तेव्हा विहारात हा विषय निघाला. काही जण म्हणाले, थेट मंडळाकडे तक्रार करा. काही म्हणाले, मग केंद्र बंद पडेल, म्हाताऱ्यांना पनवेलला न्यायचे का? मुलाच्या नोकरीचा प्रश्न होताच. दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज करून परवाना आहे की नाही ते आधी विचारावे, असेही एकाने सुचवले. शेवटी ठरले, पाच जणांच्या सह्यांचे साधे पत्र घेऊन डॉक्टरांनाच भेटायचे. डॉक्टर आधी चिडले. “तुम्हाला कुणी पाठवलं?” म्हणाले. आम्ही म्हटले, “कुणी नाही. आमची माणसे इथे येतात आणि आमचा मुलगा इथे काम करतो.” मग बसा म्हणाले. मशीन जुने घेतलेले, तपासणी राहिलेली, त्यामुळे अर्ज अडकलेला. परवाना येईपर्यंत फोटो काढता येणार नाहीत, हे त्यांनाही माहीत होते. त्यांनी काम बंद केले.

दीड महिना बंद राहिले. त्या दीड महिन्यात वाड्यातल्या लोकांनी आम्हाला भरपूर बोल लावले. मुलाची आई तर दारात येऊन म्हणाली, “भाऊ, तुमचं लिवणं व्हतं, आमची चूल विजते.” आमच्याकडे उत्तर नव्हते. मुलगा तेवढे दिवस बिगारी गेला. विहारातल्या लोकांनी थोडा शिधा दिला, तो त्या माउलीने आधी परत पाठवला, मग घेतला.

केंद्र पुन्हा सुरू झाले तेव्हा परवान्याचा कागद काउंटरमागच्या भिंतीवर लागला होता. कडी नवी, तांबडा दिवा नवा. बाक दारासमोरून काढून पलीकडच्या भिंतीला लावलेला. आणि मुलाच्या छातीवर बिल्ला. त्याच्या आईने बिल्ला हातात घेऊन उलटासुलटा पाहिला आणि विचारले, “ह्यानं किरणं थांबतात का?” मुलगा म्हणाला, “नाही आये, हा नुसता मोजतो. थांबवते ती भिंत.”

परवा आजीला पुन्हा फोटोसाठी नेले. या वेळी ताईंनी एप्रन घालून सासूबाईंना धरले आणि मुलगा भिंतीआड उभा राहिला. बिल्ल्याचा पहिला अहवाल तीन महिन्यांनी यायचा आहे. मागची दोन वर्षे मात्र कुठल्याच बिल्ल्यावर नाहीत.